नाव न घेता

भोर आणि वेल्हे या तालुक्यांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नाही. लग्नाकार्यात, सणासुदीला उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी तो ‘धनी’, ‘कारभारी’, नाहीतर थोरल्या लेकाचा बाप. याच बायकांनी याच माणसावर पहाटेच्या अंधारात ओव्या रचल्या, आणि सासू, जाऊ, नणंद ऐकत असताना त्या मोकळ्या गळ्यानं गायल्या. नवरा-बायकोनं चारचौघांत एकमेकांशी दोन शब्द बोलणंही जिथं शोभत नसे, तिथं प्रेमाची कविता इतकी उघड कशी चालली? या प्रश्नाचं बरंचसं उत्तर ओवीच्या यमकात, तिच्या छंदात आणि तिच्यातल्या पुनरुक्तीत सापडतं. शाळेत आपण या तिन्हींना कवितेचे दागिने म्हणून शिकलो. या मावळ मुलखातल्या ओवीत ते दागिने नाहीत, घराचे वासे आहेत. काढले की वरचं सगळं खाली येतं.

आधी मुलूख. वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, तोरणा आणि राजगड, कानंदी आणि गुंजवणीची खोरी. भोरला रोहिडा आणि रायरेश्वर, नीरा आणि वेळवंडी, आणि वरंध घाटानं महाडकडे उतरणारी वाट. पाऊस उदंड. खाचरात भात, वरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. भाताला मुसळ लागतं, नाचणीला जातं. घरातल्या बाईच्या वाट्याला दोन्ही. भात झोडून झालं, की कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी मुंबई गाठायचे. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी हमालीत. लावणीच्या दिवसांत हात कमी पडत, तेव्हा त्यातले जमतील तेवढे गावी येत. इथल्या बाईसाठी पावसाचं येणं आणि नवऱ्याचं येणं यांचा हंगाम बऱ्याचदा एकच असायचा. हे ध्यानात ठेवायला हवं, पुढं कामाला येईल.

कामाबरोबर ओवी गाण्याची चाल किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, १२व्या शतकाच्या पूर्वार्धात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. नोंद कांडणाची आहे, दळणाची नाही, आणि भातखाऊ मावळाला ती चपखल बसते. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे ग्रंथातल्या ओवीच्या कितीतरी आधी मुसळावरची ओवी राजाच्या कानापर्यंत पोचलेली होती. ज्ञानेश्वरांच्या ओवीला साडेतीन चरण म्हणतात: पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. मावळातल्या बायकांची ओवी बहुतेक दोन ओळींची. दोन्ही ओळींच्या शेवटी यमक, आणि प्रत्येक ओळ मध्ये श्वासाला जागा देऊन दुभंगलेली. साडेतीन चरणांत विचार पुढं सरकतो आणि शेवटी आपसूक थांबतो. दोन ओळींत तो समोरासमोर बसतो, जात्याशी बसलेल्या दोघींसारखा.

या ओव्या वेचणारे पुष्कळ. साने गुरुजींनी वेचल्या, दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासात त्यांना मानाचं पान दिलं, सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे गावोगावच्या गाण्यांची पुस्तकं काढली. भोर-वेल्ह्याच्या दृष्टीनं सर्वांत मोठं काम मात्र पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढं भारताचे नागरिक झालेले गी पॉइतवाँ यांचं. १९८०च्या दशकात गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या डोंगरी तालुक्यांत ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात झाली आणि ते काम वाढत महाराष्ट्रभर गेलं. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकानं शंभर तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. आज हा संग्रह हजाराहून अधिक गावांतला, लाखाहून अधिक ओव्यांचा आहे आणि २०१७पासून ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर तो टप्प्याटप्प्यानं लोकांपुढं येतो आहे. त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव आणि तालुका नोंदवलेला असतो. जुन्या संग्रहांत ओवी बहुधा अनामिक असे, जणू ती डोंगरातून आपोआप झिरपली. कविता कुणाची हे एकदा कळलं, की तिच्या घडणीबद्दल प्रश्न विचारता येतात: हा शब्द इथंच का ठेवला, तो दुसरा का टाळला. अनामिक परंपरेला असं विचारता येत नाही.

आता प्रत्यक्ष ओवी. संग्रहातली एखादी देण्याऐवजी नमुन्यापुरती एक मीच जुळवली आहे, म्हणजे तिचे सांधे उसवून पाहताना कुणा गाणाऱ्या बाईच्या शब्दांना हात लागणार नाही. कविता म्हणून तिची मातब्बरी नाही, साचा मात्र मावळी आहे:

पाऊस गं उतरला, माझ्या भाताच्या खाचरात
हौशा माझा परतला, दिवा झाकीते पदरात

अक्षरं मोजू. ‘पाऊस गं उतरला’ आठ, ‘माझ्या भाताच्या खाचरात’ नऊ. ‘हौशा माझा परतला’ आठ, ‘दिवा झाकीते पदरात’ नऊ. आठ-नऊ, आठ-नऊ. खऱ्या ओव्यांत हा हिशेब इतका काटेकोर क्वचितच असतो. एखादी ओळ दोन अक्षरांनी लांबते, एखादी आखडते, आणि गाणारीला त्याचं काही वाटत नाही. कारण ती अक्षरं मोजत नसते, अर्धी ओळ श्वासात मावते की नाही एवढंच पाहत असते. जात्याला मुसळासारखा ठोका नसतो, अखंड घरघर असते. लावणीला ढोलकी जशी मात्रेमात्रेला धरून ठेवते, तसं जातं ओवीला धरत नाही. ते फक्त ओढ देतं: खुंटा आपल्याकडं येताना जोर लागतो, समोरचीकडं जाताना हात सैल होतो. मध्येच डावा हात सुपातली वैरण जात्याच्या तोंडात सोडतो, तेव्हा फेरी जराशी मंदावते. एवढ्या सगळ्यात ताणता येईल आणि आवळता येईल असाच छंद टिकणार.

‘गं’ हे एकच अक्षर घ्या. अर्थ पाहिला तर ते काढून टाकलं तरी काही बिघडत नाही. ‘पाऊस उतरला’ म्हटलं तरी पाऊस पडतोच. पण मग सातच अक्षरं उरतात आणि ‘हौशा माझा परतला’शी जोड लंगडी होते. म्हणून ‘गं’. व्याकरणकार याला पादपूरण म्हणतील आणि पुढं जातील. मला तेवढ्यावर थांबवत नाही. ‘गं’ म्हटल्याबरोबर ओवीला ऐकणारी मिळते. कुणीतरी समोर आहे, ती बाई आहे, तिला हे सांगितलं जातं आहे. ‘बाई’, ‘सये’, ‘शेजी’ हे शब्दही हेच करतात. नवऱ्यावरचं प्रेम नवऱ्याला सांगायचं नसतं, ते जोडीनं दळणारीला सांगायचं असतं. छंदाची गरज आणि लाजेची गरज एकाच अक्षरात भागते.

मोजणीत आणखी एक मेख आहे. ‘खाचरात’ आपण लिहितो चार अक्षरांत, बोलताना शेवटचा ‘त’ पाय मोडल्यासारखा उच्चारतो. ‘पाऊस’मधल्या ‘स’चंही तेच. बोलण्यात गिळलेले हे स्वर गाण्यात परत येतात, ‘पाऊस’मधला ‘स’ मोकळा होऊन लांबतो. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात (पहिली आवृत्ती १९२७, वाढवलेली १९३७) मराठी पद्याचे वृत्त, जाति आणि छंद असे विभाग पाडले आणि ओवी-अभंगांना छंदात बसवलं. छंदात लघु-गुरूचा भेद मानायचा नाही, अक्षरं मोजायची, आणि प्रत्येक अक्षर गुरूसारखं लांब उच्चारायचं, असा त्यांचा दंडक. पुस्तकी वाटावा असा हा नियम आहे, पण जात्यापाशी कान दिला की तो पटतो. तिथं ऱ्हस्व ‘दि’ आणि दीर्घ ‘की’ यांना जवळजवळ सारखीच जागा मिळते. म्हणून या ओव्या कागदावरून वाचल्या, की बोबड्या वाटतात. त्यांची लांबी लिपीत नाही, गळ्यात आहे. मावळातल्या बायका चालीलाच ‘गळा’ म्हणतात.

यमकाकडं वळू. ‘खाचरात’ आणि ‘पदरात’. घाईत पाहणारा म्हणेल, दोन्हीकडं सप्तमीचा ‘त’ आहे, मराठीत असं यमक मोफत मिळतं. खरं आहे. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शेवटी येतात म्हणून मराठीला यमकाचा तुटवडा कधीच पडला नाही; दुबळ्या कवींचं पोट त्यावरच भरतं. पण इथं ‘त’च्या आधीचा ‘रा’ही जुळतो आणि त्याच्या आधी ‘च’ आणि ‘द’ यांच्यातला अकारही. पुरेसं घट्ट आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यमकाच्या जागी काय बसवलं आहे. मराठी वाक्याचा कल क्रियापद शेवटी टाकण्याचा. साध्या बोलण्यात ‘दिवा पदरात झाकीते’ असं आलं असतं, आणि यमक क्रियापदावर पडलं असतं. ओवीनं क्रियापद अलीकडं ओढलं आणि शेवटचा ठसा ‘पदरात’वर ठेवला. पहिल्या ओळीतही ठसा ठिकाणावरच आहे. खाचर घराबाहेरचं, उघड्यावरचं, सगळ्या गावाला दिसणारं. पदर तिचा एकटीचा. यमकानं ही दोन ठिकाणं एकमेकांपुढं आणून ठेवली, आणि बाहेरून आतपर्यंतचा सगळा प्रवास त्या दोन शब्दांमधल्या अंतरात झाला. पावसात दिवा विझू नये म्हणून ती पदर आडवा धरते आहे, असं कुणालाही म्हणता येईल. चेहऱ्यावर उजेड पडू नये म्हणून धरते आहे, असंही. सासूला पहिला अर्थ पुरेल.

शेवटचं यमक सगळ्यांना ऐकू येतं. मधलं कमी जणांना. ‘उतरला’ आणि ‘परतला’ ओळीच्या मध्यावर, श्वासाच्या जागी आहेत. दोन्ही चार अक्षरी, दोन्हींच्या शेवटी ‘ला’, आणि मधली दोन अक्षरं तीच, फक्त उलटी: एकात ‘त-र’, दुसऱ्यात ‘र-त’. पाऊस उतरला, हौशा परतला. पावसासारखा तो आला, असं ओवी कुठंही म्हणत नाही. ‘जसा’, ‘तसा’, ‘परी’ हे उपमेचे शब्द नाहीत. दोघांच्या क्रियापदांचा नाद एक केला आणि दोघं एकमेकांजागी उभे राहिले. तापलेल्या जमिनीवर पाऊस उतरतो, म्हणजे काय होतं हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. तेच दुसऱ्या ओळीतही होतं, पण ते तिनं म्हटलेलं नाही, नादानं म्हटलं. ओवीतलं यमक उपमेचं काम करतं हे माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं. आणि उपमा दिली तर देणारीला जाब विचारता येतो. यमकाला कोण जाब विचारणार?

यावर जुना आक्षेप असा, की ओवीची पहिली ओळ बऱ्याचदा नुसती यमकासाठी आणलेली असते. डोंगर, पाऊस, बाजार, रस्ता, काहीतरी बाहेरचं म्हणायचं आणि यमक जुळवून खरी गोष्ट दुसऱ्या ओळीत सांगायची. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो. मलय भाषेत पंतुन नावाचा चार ओळींचा लोककाव्यप्रकार आहे, २०२०मध्ये युनेस्कोनं इंडोनेशिया आणि मलेशिया यांचा सामाईक वारसा म्हणून त्याची नोंद केली. त्यात पहिल्या दोन ओळींत निसर्गातलं, बाजारातलं एखादं चित्र असतं आणि पुढच्या दोन ओळींत मनातलं बोलणं. पहिलीचं तिसरीशी, दुसरीचं चौथीशी यमक. तिकडच्या अभ्यासकांतही हाच वाद जुना आहे: पहिल्या ओळी नुसता नाद जुळवायला येतात, की अर्थाची चाहूल द्यायला? पंजाबी माहिया गाणाऱ्यांची पहिली ओळही अशीच वरवर असंबद्ध. इतक्या दूरदूरच्या लोकांनी, आणि तेही प्रेमाच्या गाण्यातच, ही युक्ती उचलली याचं कारण सोपं असावं. प्रेमाचं बोलणं थेट सुरू करता येत नाही. आधी पावसापाण्याचं बोलावं लागतं, आणि यमक पावसापाण्यापासून मुद्द्यापर्यंत न अडखळता पोचवतं. काही ओव्यांत पहिली ओळ खरोखरच भरतीची असते, हे मान्य. ज्या टिकल्या आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेल्या, त्यांत ती सहसा भरतीची नसते.

मराठीतल्या दुसऱ्या प्रेमकाव्याशी ताडून पाहायला हरकत नाही. फारसीतून गझल मराठीत रुजवणारेही माधव जूलियनच. त्यांचा ‘गज्जलांजलि’ १९३३चा. गझलेत ओळीच्या शेवटी तेच शब्द जसेच्या तसे परत येतात, तो रदीफ. त्याच्या आधी यमकाचा शब्द, तो काफिया. एकच शब्द शेवटी परत म्हणणं आणि यमक साधणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे गझल फार काटेकोरपणे शिकवते. ओवीत ती दोन्ही कालवलेली असतात. ‘वरी’ हा शब्द दोन्ही ओळींच्या शेवटी आला आणि त्याच्या आधी नुसता ‘आ’ जुळला, तरी ओवीचं भागतं. गझलेचा उस्ताद नाक मुरडेल. पण गझल मैफलीत दाद मागते. ओवीला दाद मिळते ती जोडीदारणीनं पुढची ओळ उचलली की.

आता ‘हौशा’ या शब्दापाशी येऊ. ओव्यांत नवऱ्याला किती नावं! हौशा, कंथ, राजस, भरतार, सरदार. शिवाय चुडा आणि कुंकू, म्हणजे त्याच्या असण्याची खूण हेच त्याचं नाव. ही विविधता प्रेमाची समृद्धी म्हणून मिरवली जाते. असेल. पण अक्षरं मोजली की दुसरंच काही दिसतं. हौशा, कंथ, चुडा, कुंकू दोन अक्षरी. राजस तीन. भरतार, सरदार चार. एकाच माणसासाठी दोन, तीन आणि चार अक्षरांचे शब्द हाताशी ठेवलेले आहेत, ओळीत जेवढी जागा उरेल तेवढा घ्यायचा.

ही गोष्ट ग्रीक महाकाव्यांबद्दल मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं दाखवून दिली होती. होमरच्या वीरांना लागणारी ठरावीक विशेषणं वेगवेगळ्या लांबीची असतात, कारण तोंडी रचणाऱ्या कवीला ओळीतल्या वेगवेगळ्या फटी भरायच्या असतात. हे तपासायला तो १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात जिवंत गायकांकडं गेला. त्याचा शिष्य अल्बर्ट लॉर्ड यानं ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या १९६०च्या पुस्तकात तो विचार जगापुढं मांडला: तोंडी कवी पाठ केलेलं म्हणत नाही आणि शून्यातूनही रचत नाही, तयार तुकडे जागच्या जागी बसवत गातो. आपल्याकडच्या ओवीला हे जसंच्या तसं लागू करणं मला पटत नाही. महाकाव्याचा गायक तासन्‌तास गातो, त्याला थांबता येत नाही. दळणाऱ्या बाईला दोन ओळी झाल्या की श्वास घेता येतो, वैरण घालता येते, गप्पही बसता येतं. तिच्याकडं निवडायला वेळ आहे. म्हणून तिच्या तयार तुकड्यांत निवड दिसते.

ती अशी. ‘हौशा माझा परतला’च्या जागी ‘भरतार परतला’ म्हणून पाहा. तीही आठच अक्षरं. नादाला तर अधिक गोड: भ-र-ता-र, प-र-त-ला, र आणि त यांचा नुसता घुमारा. छंदाचं काही बिघडत नाही. फक्त ‘माझा’ जातो. भरतार हा दर्जा आहे, देवाब्राह्मणांसमोर मिळालेला. हौशा हा स्वभाव आहे, तिनं ओळखलेला. दोन अक्षरी शब्द निवडला म्हणून दोन अक्षरांची जागा रिकामी राहिली आणि त्या जागेत ‘माझा’ येऊन बसला. छंदशास्त्राच्या हिशेबात तो भरतीचा शब्द आहे. बाईच्या हिशेबात सगळी ओवी त्याच्यासाठी असू शकते. भरतीचे शब्द म्हणून आपण जे ओलांडून जातो, त्यात ओवी आपली सर्वांत नाजूक गोष्ट ठेवते, असं मला पुन्हापुन्हा वाटलं आहे.

पुनरुक्तीचे प्रकार अनेक. सगळ्यांत वरचा, कानाला लगेच जाणवणारा, गाण्यातला. ओवी छापली की दोन ओळी, गायली की कितीतरी लांब. एकजण अर्धी ओळ म्हणते, पुन्हा तीच म्हणते, मग पुढचा अर्धा जोडते, मध्ये पालुपदाचे शब्द येतात, दुसरी मागोमाग सूर उचलते. कधी ओळीचा उत्तरार्धच आधी गायला जातो आणि पूर्वार्ध मागून येतो. म्हणजे ‘दिवा झाकीते पदरात’ आधी ऐकू येईल, कशासाठी आणि कुणासाठी ते मागाहून. कागदावरची सरळ ओळ गळ्यात गेली की अशी वळणं घेते, आणि प्रेमाच्या ओवीत त्यानं ताण वाढतो. या घोळवण्याला व्यवहारातलं कारणही आहे. जोडीदारणीला ओळ कळायला वेळ मिळतो, आणि पहिलीला पुढचं यमक शोधायला. कविता सुचण्याचा वेळ कवितेच्याच रचनेत ठेवलेला.

दुसरा प्रकार साच्याचा. एक ओवी झाली की तिची चौकट मोडत नाहीत, तिच्यातच नवी बसवतात. आपला नमुना पुढं नेऊ:

पाऊस गं उतरला, नाचणीच्या गं माळावरी
बंधु माझा परतला, ओली घोंगडी खांद्यावरी

पूर्वार्ध तेच. ‘हौशा’च्या जागी ‘बंधु’, दोन अक्षरांच्या जागी दोन. खाचराचा माळ झाला, कारण यमक बदललं. पदरातला दिवा गेला आणि खांद्यावरची ओली घोंगडी आली. हा बदल यमकाच्या सोयीनं झाला असं म्हणून सोडता येईल, पण भावासाठी दिवा पदराआड धरला असता तर ऐकणाऱ्या बायकांनी माना वर केल्या असत्या. नवरा परतला तेव्हा ओवी तिच्या स्वतःच्या अंगावर, तिच्या पदरावर संपली. भाऊ परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर संपली. पहिल्यात ती लपते, दुसऱ्यात त्याच्याकडं डोळे भरून पाहते. भावाकडं असं उघड पाहायची तिला मुभा आहे, म्हणूनच भावावरच्या ओव्या इतक्या मोकळ्या आणि इतक्या मुबलक. चौकट तीच राहिल्यामुळं हा फरक उठून दिसतो. दोन ओव्या वेगवेगळ्या छंदांत असत्या तर तो हरवला असता. पुनरुक्तीवर ‘तेच तेच’ म्हणून जी टीका होते ती एकेक ओवी सुटी वाचणाऱ्यांची. ओवी माळेत ऐकायची असते, आणि माळेत लक्ष बदललेल्या मण्याकडं जातं. आई, लेक, भाऊ, नवरा, विठोबा, सगळे एकाच चौकटीतून येऊन जातात, त्यामुळं नवऱ्याची ओवी त्यांच्यात मिसळून जाते. सासूनं कान टवकारेपर्यंत बंधुराया आलेला असतो.

उखाणा याच्या नेमका उलट. तिथं चारचौघं आग्रह करतात, नाव घ्यायलाच लावतात. पण तिथंही ते यमकावाचून घेता येत नाही. पहिल्या ओळीत फुलं, तबक, देवळाचा कळस, काहीही; दुसऱ्या ओळीत ऐकणाऱ्यांचे कान येणाऱ्या यमकाकडं लागलेले असतात, आणि तेवढ्यात ओळीच्या पोटात नाव उरकून घेतलं जातं. टाळ्या यमकाला मिळतात, नाव निसटून जातं. ओवीत नाव लपवायला यमक, उखाण्यात नाव उच्चारायला यमक. हल्ली लग्नात नवरे मुलगेही उखाणे घेतात. त्यांच्यावर नावाची बंदी कधीच नव्हती, म्हणून बहुतेकांचे उखाणे विनोदावर जातात, आणि ते ठीकच आहे.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि रोजचं दळण थांबलं. कुणी हळहळू नये, कारण जात्यानं बायकांच्या खांद्यांचं आणि कमरेचं काय केलं ते त्यांच्या ओव्यांतच आहे. लग्नात घाणा भरताना, मुसळाला आंब्याची पानं बांधून सुवासिनी हळद कांडतात, तेव्हा थोड्या ओव्या अजून गायल्या जातात. पण तिथल्या ओव्या लग्नाच्या, आशीर्वादाच्या. नवऱ्यावरच्या आडवळणी ओवीला पहाट लागायची, अंधार लागायचा, दोघींच्या मधलं जातं लागायचं. तिला मांडव मानवत नाही. ती आता मुख्यतः ध्वनिमुद्रणात आणि वह्यांत आहे.

आणि वहीत उतरवणं हीच मोठी अडचण. बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकारानं १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरीनं युगोस्लाव्हियातून आणलेल्या ध्वनिमुद्रणांतली बायकांची ७५ गाणी स्वरलिपीत उतरवली. लॉर्डबरोबर केलेलं ते पुस्तक १९५१मध्ये, बार्टोकच्या मृत्यूनंतर, आलं. त्यातली गाणीही पुष्कळशी प्रेमाची. त्यानं गाणाऱ्याचा बारीकसा हेलकावाही सोडला नाही, म्हणून ती पानं वाचायला अवघड आणि अभ्यासाला अनमोल आहेत. आपल्याकडं ओव्या छापताना नेमकं उलटं होत आलं. संपादक शिकलेले, त्यांना शुद्ध कवितेची सवय. ‘गं’ आणि ‘बाई’ जास्तीचे वाटले म्हणून गाळले, ‘झाकीते’चं ‘झाकते’ केलं, परत म्हटलेली अर्धी ओळ एकदाच छापली. आपल्या नमुन्याच्या दुसऱ्या ओळीत ‘झाकते’ घालून पाहा. ‘दिवा झाकते पदरात’ हीही नऊच अक्षरं. पण मधला लांब ‘की’ गेला, आणि पदर आडवा धरताना हात जेवढा वेळ घेतो तेवढा वेळही त्याच्याबरोबर गेला. पहिल्या ओळीतला ‘गं’ काढला तर सातच अक्षरं राहतात, आणि ज्या बाईला हे सगळं सांगितलं जात होतं ती जात्यावरून उठून गेलेली असते.